सुशीच्या कपावरची मासळी

ओसाकातल्या साध्या सुशीच्या दुकानात चहा येतो तो बिनकानाच्या, जाडजूड, उंच कपात. कपभर बारीक अक्षरांच्या रांगा असतात, सगळी माशांची नावं, कांजी या मूळच्या चिनी लिपीत. बहुतेक अक्षरांची डावी बाजू एकच, 'मासा'. जात ओळखायची ती उजवीकडे बघून. मी मालवणचा, त्यामुळे सुशी येईपर्यंत कप फिरवत बसतो.

'इवाशी' म्हणजे आपल्या तारलीच्या गोतातली. तिचं अक्षर मासा अधिक 'दुबळा'. पाण्याबाहेर काढली की लगेच मरते, लवकर खराब होते, म्हणून दुबळी, असं सांगतात. सकाळची तारली दुपारी पोट फुटून बसते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. हे अक्षर चीनमधून आलेलं नाही, जपान्यांनी स्वतः घडवलंय. अशा अक्षरांना 'कोकुजी' म्हणतात. नारा या जुन्या राजधानीत सापडलेल्या आठव्या शतकातल्या लाकडी पट्ट्यांवरही ते आहे. आणि एवढ्या दुबळ्या माशाचं भाजलेलं डोकं फेब्रुवारीत सेत्सुबुनच्या सणाला काटेरी पानांच्या फांदीत खोचून दारावर लावतात, राक्षस पळावेत म्हणून. त्यावर इथे म्हणच आहे, श्रद्धा असली की इवाशीचं डोकंही पावतं. मानला तर देव!

'सावारा' तर सुरमईचा सख्खा भाऊ. मासा अधिक 'वसंत'. ओसाकाला लागून असलेल्या, बेटांमधल्या सेतोच्या समुद्रात तो वसंतात अंडी घालायला येतो, तेव्हा इकडे त्याची चंगळ. टोकियोकडचे मात्र हिवाळ्यातल्या चरबीदार सावाऱ्यावर जीव टाकतात. म्हणजे त्यांच्या ताटात अक्षराचा ऋतूच चुकलेला. 'तारा' म्हणजे कॉड, मासा अधिक 'बर्फ'. बर्फाच्या दिवसांत मिळतो म्हणून, की मांस पांढरंशुभ्र म्हणून? दोन्ही सांगणारे भेटतात.

पण प्रत्येक उजव्या बाजूमागे गोष्ट शोधू नये. देवमाशाच्या अक्षरात उजवीकडे 'राजधानी' आहे, तिथे त्या भागाचं मुख्य काम उच्चार सुचवण्याचं. (देवमासा मासा नाही, हे अक्षर करणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. आपल्याही नव्हतंच की.) 'आयु' हा नदीतला नाजूक, सुगंधी मासा, पण तेच अक्षर चिनी माणसाला दाखवलं तर त्याच्या डोळ्यांपुढे मिशाळ मांगूर येतो. अक्षर समुद्र ओलांडून आलं, मासा तिकडेच राहिला.

बाजारात या ज्ञानाचा उपयोग जवळजवळ शून्य. सुपरमार्केटातल्या लेबलांवर बहुधा हिरागाना नाहीतर काताकाना, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या लिप्या, सरळ 'साबा', 'इवाशी'. ऑफिसातला पंचविशीतला सहकारी तर कपावरच्या निम्म्या अक्षरांपाशी अडतो आणि फोन काढतो.

'सान्मा' मात्र कांजीतच जास्त शोभतो. 'शरद', 'तलवार', 'मासा' अशी तीन अक्षरं, सप्टेंबर आला की खानावळींबाहेरच्या पाट्यांवर दिसायला लागतात. लांब, चपटा, चकचकीत. याला मालवणात जोड नाही. मीठ लावून अख्खा भाजतात, सोबत किसलेला मुळा. आतडी काढत नाहीत, तो कडवटपणाच खवय्यांना हवा असतो. मी अजून तेवढा भाग बाजूला सारतो.