डोस पाजूनही जुलाब झाले, मग लस कशाला?

मागच्या महिन्यात रात्री अकराला वहिनीचा फोन आला, नऊ महिन्यांच्या पुतण्याला संध्याकाळपासून उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब, आणि ती रडवेली होऊन म्हणाली, "अगं जुलाबाच्या त्या रोटा लसीचे तिन्ही डोस वेळेवर पाजलेत ना आपण, मग हे कसं झालं?"

त्या वेळी एवढंच सांगितलं की चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत रहा, अंगावरचं दूध बंद करू नको, लघवी होतेय ना बघ, आणि पोर मलूल झालं तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात ने. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा रांगायला लागला, झिंकचा 14 दिवसांचा कोर्सही पूर्ण केला. पण तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण हाच प्रश्न खूप आयांना पडतो आणि मग पुढच्या बाळाच्या वेळी डोस टाळला जातो.

एक तर जुलाब करणारे जंतू पुष्कळ आहेत आणि ही लस त्यातल्या फक्त रोटाव्हायरसवर आहे, पुतण्याला नेमकं काय झालं होतं ते कुणी तपासलंच नाही. दुसरं म्हणजे रोटावरसुद्धा ती आपल्याकडे पूर्ण अडवत नाही. श्रीमंत देशांत या लसी गंभीर आजार 90 टक्क्यांच्या आसपास रोखतात, आपली भारतात बनलेली रोटा लस, रोटाव्हॅक, दिल्ली, पुणे आणि वेल्लोरच्या 6,799 बाळांवर तपासली तेव्हा पहिल्या वर्षात आकडा आला साधारण 56. (ही लस ज्या विषाणूपासून बनली तो 1980च्या दशकात दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांत सापडला होता, त्या बाळांना संसर्ग झाला पण जुलाब झाले नाहीत, डॉ. एम. के. भान यांनी ते हेरलं आणि पुढची तीसेक वर्षं त्याच्यामागे लागले, मला याचं फार अप्रूप आहे.) गरीब देशांत लस कमी का चालते तर आईकडून बाळाला मिळालेल्या अँटीबॉडीज, कुपोषण, आतड्यात आधीच असलेले इतर जंतू, अशी बरीच कारणं सांगतात.

मग 56 म्हणजे निम्म्याच्या जरा वर, एवढ्यासाठी खटाटोप कशाला? इथेच मलावीचं उदाहरण वाचून माझे डोळे उघडले. आफ्रिकेत रोटाच्याच दुसऱ्या एका लसीची एकाच वेळी दोन देशांत चाचणी झाली, दक्षिण आफ्रिकेत लस 77 टक्के परिणामकारक ठरली आणि मलावीत फक्त 49. पण लस दिलेल्या दर 100 बाळांमागे वर्षाला गंभीर आजार किती टळले बघा, दक्षिण आफ्रिकेत 4.2 आणि मलावीत 6.7! म्हणजे टक्केवारी कमी असलेल्या देशात जास्त पोरं वाचली, कारण तिथे मुळात आजारच इतका होता. मलावीने 2012 मध्ये सगळ्या बाळांना लस सुरू केली आणि नंतरच्या अभ्यासात जुलाबाने होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले.

रोटा तसा जगातल्या जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत एकदा तरी होतोच, कितीही हात धुवा, पाणी उकळा, फरक एवढाच की मेलबर्नच्या बाळाला तासाभरात सलाईन लागतं आणि पाड्यावरच्या बाळाला दवाखान्यात पोचेपर्यंत टाळू खाली बसलेली असते. लस येण्याआधी भारतात यामुळे वर्षाला सुमारे 78,000 मुलं जायची असा अंदाज होता. आई सांगते, आमच्या गल्लीत थंडीच्या दिवसांत एक बाळ असंच दोन दिवसांत गेलं, सगळे म्हणत होते दात येतायत म्हणून होतंय, आणि जुलाब वाढतील म्हणून त्याचं पाणीसुद्धा तोडलं होतं. हे सांगताना अजूनही तिचा आवाज बदलतो.

आपल्या सरकारी लसीकरणात रोटा 2016 मध्ये चार राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात 2019 ला. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, उपकेंद्रात फुकट, तोंडावाटे, सुई नाही. पहिला डोस हुकला असेल तरी वर्षाच्या आत सुरू करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली तिच्या मावसबहिणीची मुलगी चार महिन्यांची आहे आणि गावाला गेल्यामुळे एकही डोस झालेला नाही, तिला आजच फोन करते.