मालिश कमी पडलं नव्हतं
आज पिल्लूला घेऊन फिजिओकडे गेले होते. ९ महिन्यांचा झालाय, अजून आधाराशिवाय बसत नाही, आणि घरात सगळ्यांचं एकच, अगं मुलगे उशिराच बसतात, दूध पुरत नसेल, मालिश नीट होत नाही वगैरे वगैरे. मॅडमनी त्याला काखेत धरून उचललं तर हा सुळकन हातातून खाली घसरायला लागला, मग झोपलेल्याला हात धरून बसता केला तर मान मागेच लोंबकळली, माझ्या तर पोटात गोळाच आला. त्यांनी नीट समजावलं, टोन म्हणजे ताकद नाही, स्नायू आरामात असतानाही त्यांच्यात जो थोडा ताण असतो तो टोन, तो याचा कमी आहे. आणि हायपोटोनिया, म्हणजे हा कमी टोन, स्वतः आजार नाही, लक्षण आहे, कारण मेंदूत, नसांत, स्नायूत कुठेही असू शकतं, कधी थायरॉईडसुद्धा. म्हणून आता डॉक्टरांनी थायरॉईड आणि सीपीके (स्नायूंना इजा होतेय का ते बघायची रक्ततपासणी) करायला सांगितलंय. मालिश करा पण तेवढ्याने भागणार नाही म्हणे (सासूबाईंना कोण सांगणार!). जागा असताना छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पालथं घालायचं, रोज, थोडं थोडं. येताना रिक्षात खांद्यावर गोधडीसारखा पडून झोपला, आणि मी खड्डा आला की त्याची मान धरत होते.