टाओ पो! फिलिपिन्समधल्या एका मिशनरी आठवड्याचा वृत्तांत

लेटर-डे सेंट्स या ख्रिस्ती मंडळीचे (लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात) तरुण मिशनरी 1961 पासून फिलिपिन्समध्ये येत आहेत. मुलगे दोन वर्षं राहतात, मुली दीड वर्ष. इथे जो आठवडा मांडला आहे तो ऑगस्टमधला, लुझोन बेटावरच्या लहान गावातला, म्हणजे ऐन पावसातला. भारतातून जाणाऱ्याला काय अडतं आणि कशाने बरं वाटतं, यावरच भर दिला आहे.

आठवडा खरा सुरू होतो सोमवारी. बहुतेक ठिकाणी हा तयारीचा दिवस असतो आणि संध्याकाळी सहाला संपतो. पहिलं काम धुण्याचं, कारण दुपारनंतर पाऊस येणार हे धरूनच चालायचं. पांढरे शर्ट साडेसहाला साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. रात्रभर ठेवू नका, तिथल्या उकाड्यात कपड्यांना आंबूस वास लागतो. कॉलर आणि कफांना वडीचा साबण लावून ब्रश मारा. मग शेजारच्या बायका करतात तसं साबणासकट शर्ट उन्हात पत्र्यावर पसरा. याला ‘कुला’ म्हणतात, आणि त्याने घामाचे डाग खरोखर निघतात. मधूनमधून पाणी शिंपडत राहा, साबण कापडातच सुकला तर पिवळे चट्टे पडतात. दहाच्या आत खळबळून वाळत घातलेले शर्ट पाऊस यायच्या आत हाती येतात. दुपारी धुतलेले तीन दिवस दमट राहतात आणि त्या कुबट वासाने गुरुवारपर्यंत मन खट्टू होतं.

घरी फोनही सोमवारीच. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला बोलायची मुभा आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजले की घरी साडेसहा. फोन आदल्या रात्री चार्ज करा. वीज जाते, आणि त्याला तिथे ‘ब्राउनआउट’ म्हणतात. सॉकेट दोन चपट्या पिनांचं असतं, आपली गोल पिन बसत नाही. दोन अॅडॅप्टर इथूनच न्या.

मंगळवारी पहिला धक्का बसतो तो दारात, आणि भारतीयाला तो जरा जास्तच बसतो. फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला ‘बुंबाय’ म्हणतात. शब्द आला आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून, आणि त्याला चिकटलेली ओळख आहे सावकाराची. मोटरसायकलवरून दारोदार वसुली करणारे ‘फाइव्ह-सिक्स’वाले, म्हणजे पाच द्या आणि सहा घ्या, वीस टक्के व्याज. हट्ट करणाऱ्या पोरांना ‘बुंबाय घेऊन जाईल’ अशी भीती घालतात. त्यामुळे तुम्ही फाटकाशी पोचलात की पोर पळतं, पडदा सरकतो आणि आतून कुणीतरी ‘घरी कोणी नाही’ म्हणतं. हा राग तुमच्यावर नसतो, तुमच्या धर्मावरही नसतो. हप्ता चुकलेला असतो, एवढंच.

यावर उपाय आहे. फाटक वाजवू नका, बाहेरूनच ‘टाओ पो!’ अशी हाक द्या. अर्थ साधारण ‘माणूस आलाय हो दारात’. पहिली हाक जोडीने फिरणाऱ्या फिलिपिनो मिशनरीने द्यावी, तुम्ही नावाची पट्टी दिसेल असं एक पाऊल मागे उभं राहावं. लगेच ‘मिस्योनेरो पो कामी’, आम्ही मिशनरी आहोत, हे वाक्य. बॅग पोटाशी धरू नका, वसुलीवाले तशी धरतात. आणि प्रत्येक वाक्यात ‘पो’ हा आदराचा शब्द हवाच. तू आणि तुम्ही हा भेद आपल्या अंगात मुरलेला असल्याने ‘का’ आणि ‘कायो’ मराठी माणसाला पटकन जमतं. शब्दाच्या सुरुवातीचा ङ मात्र घोकावा लागतो. ‘ङायोन’ म्हणजे आता. वाङ्मयातला ङ आधी आणून म्हणायचा, दोन आठवड्यांत जीभ वळते.

‘सिगे पो’ म्हणजे शब्दशः ‘ठीक आहे’, पण तो होकार नव्हे. आपल्याकडच्या ‘बघू हं’च्या जवळपास समजा. तोंडावर नाही म्हणणं तिथे जड जातं, म्हणून वेळ ठरते आणि त्या वेळी दाराला कुलूप असतं. समोरच्याने स्वतः वेळ सांगितली आणि ‘आईही असेल’ असं जोडलं, तर भेट पक्की धरा. त्याच दिवशी सकाळी एक मेसेज करा. आणि दर तासासाठी त्याच वस्तीतली आणखी दोन घरं वहीत लिहून ठेवा, म्हणजे भेट फिसकटली तरी भर पावसात गाव ओलांडावं लागत नाही.

जीपनी म्हणजे तिथली प्रवासी गाडी, तिच्यात ‘बार्या लांग पो सा उमागा’ अशी पाटी दिसते: सकाळी फक्त सुटे. नाणी वरच्या खिशात ठेवा. ‘बायाद पो’ म्हणत भाडं पुढच्याच्या हातात द्यायचं, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं आणि उरलेले पैसे तसेच परत येतात. उतरताना ‘पारा पो’, म्हणजे थांबवा. अनोळखी माणसांच्या हातांतून सुटे पैसे बिनचूक परत येतात, आणि पडलेला चेहरा त्या एवढ्याशा गोष्टीने फुलतो.

तब्येतीबाबत हयगय नको. पाणी रिफिल स्टेशनवरचंच, म्हणजे शुद्ध पाणी भरून देणाऱ्या दुकानातलंच प्या. पायाला खरचटलं असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उतरावंच लागलं तर गमबूट घाला आणि घरी येताच पाय साबणाने धुवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरकडे त्याच दिवशी.

शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, चिकन किंवा मासे येतात. मासे, चिकन, ‘पातिस’ आणि ‘बागोऊंग’ अशी एकेक नावं घेऊन नको म्हणा. शेवटची दोन म्हणजे माशांचं पाणी आणि खारवून आंबवलेली कोळंबी किंवा मासळी, ती भाजीतही पडतात. शुक्रवारी मात्र घरोघरी ‘मुंगो’ शिजतो: आपलेच मूग, लसूण-कांद्याची फोडणी आणि वर ‘मालुंगाय’ म्हणजे शेवग्याचा पाला. डुकराचं मांस किंवा सुकी मासळी घालण्याआधी एक वाटी बाजूला काढायला सांगा. घरापासून इतक्या लांब मुगाच्या आमटीचा वास आला की गळा दाटून येतो. त्याची लाज वाटू देऊ नका.

रविवारी प्रभुभोजनाची उपासना एक तासाची, मागून वर्ग. येतो म्हणालेल्यांना आणायला शेजारच्या सभासदाला पाऊण तास आधी पाठवा, हातात एक जादा छत्री देऊन. मंगळवारी पडद्याआड लपलेलं पोर आलं, तर ते तुमचा हात धरून कपाळाला लावायला बघेल. हा ‘मानो’, तिथला थोरांना करायचा नमस्कार. विशीतल्या माणसाला अवघडायला होतं, पण हात मागे घेऊ नका. पालथा करून पुढे करा आणि किंचित वाका, म्हणजे त्याचं कपाळ पोचतं.