तीन प्लेट वाया गेल्यावर चिकटलेल्या पेशी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला 'कॉर्नियाच्या बाहेरच्या थरातल्या पेशी वाढवणे' हा विषय मिळाला (कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) तेव्हा वाटलं, मेथी पेरण्यासारखं काहीतरी असेल. जूनमध्ये सुरुवात केली. पहिली धड प्लेट हाती आली ती गणपती विसर्जनानंतर.

आमचा कच्चा माल म्हणजे उरलेली कड. नेत्रपेढीतून आलेल्या कॉर्नियाचा मधला गोल तुकडा सर्जन रोपणासाठी कापून घेतात, भोवतीची बांगडी उरते. तिला सगळे रिम म्हणतात. संशोधनासाठी दात्याच्या घरच्यांची संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी असेल तरच ती आमच्याकडे येते. (त्या मंजुरीच्या कागदांबद्दल न बोललेलंच बरं.) गंमत म्हणजे आम्हाला हवं ते नेमकं या बांगडीतच असतं. बुबुळ आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, लिंबसला, मूळपेशी असतात. पाच-सात पेशींचा, जेमतेम ५० मायक्रॉनचा वरचा थर त्यांच्याच जोरावर सतत नवा होत राहतो. डोळ्यात चुन्याची पुडी फुटली की बऱ्याचदा त्याच जळतात, मग बाजूचा कंजंक्टायव्हा, म्हणजे पांढऱ्या भागावरचा पातळ पडदा, कॉर्नियावर चढतो आणि नुसतं रोपण टिकत नाही. १९९७ मध्ये पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी इटलीत रुग्णाच्या धड डोळ्याच्या लिंबसमधल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून जखमी डोळ्यावर लावल्या, तेव्हापासून हा रस्ता खुला झाला.

माझा पहिला प्रयत्न बुडाला, अक्षरशः. रिमचे २ मिलिमीटरचे तुकडे, पेशींची बाजू वर, थेंबभर मीडियम (पेशींना पोसणारा द्रव), आणि चिकटेपर्यंत थांबायचं. मला वाटलं सुकतील बिचारे, म्हणून सढळ हाताने ओतलं. सकाळी सगळे तुकडे साबुदाण्यासारखे तरंगत होते.

दुसरी प्लेट जुलैच्या पावसात गेली. इन्क्युबेटर म्हणजे ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि तळाला पाण्याचा ट्रे. बुरशीचं माहेरच. मायक्रोस्कोपखाली कापसाचे धागे दिसले. ट्रेमधलं पाणी बदलायचं काम माझं होतं आणि दोन आठवडे राहून गेलं होतं. सगळा इन्क्युबेटर रिकामा करून ७० टक्के अल्कोहोलने पुसला. सीनियर ताईच्या प्लेट्सही फेकाव्या लागल्या. ती एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

तिसऱ्या खेपेला पेशी आल्या! मी पेढ्यांच्या गोष्टी करायला लागले. ताईने मायक्रोस्कोपला डोळा लावला. "अगं, या फायब्रोब्लास्ट आहेत." लांबट, चातीसारख्या, एका दिशेने पोहणाऱ्या मासोळ्यांसारख्या. खालच्या स्ट्रोमातून, म्हणजे कॉर्नियाच्या मधल्या जाड थरातून आलेल्या; आम्हाला हव्या त्या नव्हेत.

चौथ्या वेळी तुकडे लावलेच नाहीत. रिम रात्रभर ४ अंशाला डिस्पेज नावाच्या एन्झाइममध्ये ठेवली. आपल्याकडच्या डोळ्यांत लिंबसला बहुधा तपकिरी रेघ असते, त्यामुळे कुठून सोडवायचं ते कळतं. चिमट्याने हलकेच ओढलं तर भिजवलेल्या बदामाचं साल निघावं तसा थर सुटला. मग ट्रिप्सिन हे दुसरं एन्झाइम लावून पेशी एकमेकींपासून मोकळ्या केल्या आणि कमी कॅल्शियमच्या, सीरम (रक्तातला द्रव भाग) नसलेल्या मीडियममध्ये सोडल्या. ४८ तास प्लेट हलवायची नाही. ताईने इन्क्युबेटरच्या दारावर चिठ्ठीच लावली, माझं नाव घालून: 'हिने उघडू नये.'

तिसऱ्या दिवशी छोटे पुंजके दिसले. दहा-बारा दिवसांत अंगणातल्या फरशांसारख्या एकीला एक लागून पेशी बसल्या. केरॅटिन १२ हे या थराची ओळख पटवणारं प्रथिन. त्याचा रंग केला तेव्हा प्लेट हिरवी उजळली. पिपेटच्या टिपने मधोमध ओरखडा काढला, तर दुसऱ्या सकाळपर्यंत दोन्ही काठ सरकत जवळ आले होते.

पण तिसऱ्यांदा उचलून नव्या प्लेटमध्ये लावल्यावर पेशी पसरट, थोराड झाल्या आणि वाढायच्या थांबल्या. नवी रिम शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला आली. कुपीवर नाव नसतं, क्रमांक आणि वय असतं. मागच्या वेळी ५८, या वेळी ७१. ती डिस्पेजमध्ये जाईपर्यंत साडेसात वाजले आणि माझी डोंबिवली फास्ट गेली. निघताना ट्रेमधलं पाणी बदललं.