लाल शाईतले 48 तास

माहिती अधिकाराच्या अर्जावर आवकचा शिक्का बसला की दिवस मोजायला सुरुवात. त्यात रविवार वगळायचा नाही, दिवाळीसुद्धा नाही. कायदा म्हणतो शक्य तितक्या लवकर, आणि काही झालं तरी 30 दिवसांच्या आत. आमच्या तहसीलमध्ये यातला पहिला भाग कुणी वाचलेलाच नाही. काही वस्ताद तर 29व्या दिवशी ‘दोन पाने, शुल्क 4 रुपये भरावे’ असं पत्र लावतात, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. 4 रुपयांसाठी त्याहून महाग टपाल! संताप येतो, पण कागदोपत्री सगळं चोख असतं.

त्या शुक्रवारी चारच्या सुमाराला एक अर्ज थेट जन माहिती अधिकारी म्हणून माझ्या टेबलावर आला. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, खाली आजीबाईंचा अंगठा, अक्षर नातवाचं. श्रावणबाळ योजनेचं अनुदान बंद झालेलं. ते ज्या टिपणीवरून आणि ज्या यादीवरून बंद झालं त्यांच्या प्रती हव्या होत्या. सोबत दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, आणि अर्जाच्या माथ्यावर लाल शाईत: ‘जीविताशी संबंधित. 48 तासांत द्यावी.’

पोरगा हुशार. ‘अनुदान का बंद केलं?’ असं विचारलं असतं, तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ हे ठरलेलं वाक्य डकवून आमचे लोक मोकळे झाले असते. त्यानं कागदच मागितले.

48 तासांची तरतूद जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेव्हाची. अनुदान थांबलं म्हणजे जीविताचा प्रश्न आला का? साहेब म्हणाले, “30 दिवसांवर टाका. उद्या सगळेच लाल पेन घेऊन येतील.” प्रथम अपिलीय अधिकारी तेच, त्यामुळे अपिलात काय होणार तेही कळलं. उशीर झाल्यास दंड मात्र दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000, आणि तो माझ्याच पगारातून. तरी साहेबांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. फक्त त्या कार्डावर हृदयविकाराच्या गोळ्यांची यादी होती, पुढे ‘रोज, न चुकता’. आणि नातू सांगत होता की गोळ्या त्या 1500 रुपयांतूनच येत.

शनिवारी या अनुदानांचं काम बघणाऱ्या संजय गांधी शाखेच्या कारकुनाला बोलावून दप्तर उघडलं. टिपणी लगेच मिळाली: ‘हयातीचे दाखले अप्राप्त, सबब सोबतच्या यादीतील लाभार्थ्यांचे अनुदान स्थगित करावे.’ यादीत आजींचं नाव. काम तिथंच संपत होतं. पण कारकुनानं सवयीनं शेजारच्या गावाचा रुमालही, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला, आणि त्यात आजींचा दाखला निघाला. तलाठ्याची सही, आमचाच गोल शिक्का, तारीख यादीच्या आधीची. गावाचं नाव न वाचता कुणीतरी गठ्ठ्यात कोंबलेला.

“साहेब, मागितलंय तेवढंच द्यावं,” कारकून म्हणाला. नोकरीत मुरलेल्या माणसाचा सल्ला होता तो. मी दाखल्याचीही प्रत जोडली. रविवारी दुपारी कोतवालानं तिन्ही कागद घरी पोचवून पोच आणली.

पत्रात मी एवढंच लिहिलं: ‘कलम 7(1) अन्वये माहिती पुरविण्यात येत आहे.’ 30 दिवस त्याच पोटकलमात आहेत आणि 48 तास त्याच्याच परंतुकात, म्हणजे ‘परंतु’नं जोडलेल्या अपवादात. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सही केलेली स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहणारी प्रत, परत सरकवली. कायद्याला धरून होतं, आणि मूळ प्रश्नाला मी हातही लावला नव्हता.

पुढं साहेबांचं भाकीत खरं झालं. लाल शाईत रस्त्याच्या देयकांची मागणी आली. ती 30 दिवसांवर ठेवताना क्षणभरही विचार करावा लागला नाही. मग एका विधवा बाईचा अर्ज आला. निराधार योजनेचं अनुदान थांबलंय, घरात दुसरी कमाई नाही. दवाखान्याचा एकही कागद सोबत नाही. साहेब म्हणतात, हा तर सरळ 30 दिवसांचा. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. 48 तास उद्या दुपारी दोनला संपतात.