बर्टनचं पाणी, सेज्लीची माइल्ड

घरी पेल एल (‘एल’ प्रकारातली फिकट रंगाची इंग्लिश बिअर) बनवणाऱ्याने इंग्लंडमधलं बर्टन अपॉन ट्रेंट एकदा तरी पाहावं, असं माझं ठाम मत आहे. बर्मिंगहॅमहून गाडीने हे गाव जवळच आहे. दिसायला साधंच, विटांचं. पण वाऱ्याची दिशा जुळली तर रस्त्यावर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) गोडसर वास येतो, आणि त्यातच मार्माइट या पावाला लावायच्या यीस्टच्या पदार्थाच्या कारखान्याचा खारट वास मिसळलेला असतो. बिअर बनवून उरलेल्या यीस्टवर चालणारा हा उद्योग 1902 पासून इथेच आहे.

ट्रेंट नदीवर गेलो, पण बर्टनची कीर्ती नदीच्या पाण्यामुळे झालेली नाही. ती विहिरींच्या पाण्यामुळे झाली. इथल्या जमिनीत जिप्सम आहे, त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर असतं. अशा पाण्यात हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा स्वच्छ, कोरडा उतरतो आणि बिअर नितळ होते. 1820च्या दशकात ऑलसॉप आणि बास या बर्टनच्या ब्रुअरींनी (बिअरच्या कारखान्यांनी) इथली फिकट, हॉप्सने भरलेली एल हिंदुस्थानात पाठवायला सुरुवात केली. त्याआधी हा व्यापार मुख्यतः लंडनच्या हॉजसन ब्रुअरीच्या हातात होता. आपल्या मुंबई बंदरात उतरलेल्या त्या पिंपांची चव या विहिरींतून आली होती, हे तिथे उभं राहिल्यावर मनाला फार भिडलं.

बर्टनच्या कूपर्स टॅव्हर्न या पबमध्ये मागच्या खोलीत पिंपं मांडलेली असतात आणि त्यांतूनच थेट ग्लास भरून देतात. मी बास घेतली. तिचा लाल त्रिकोण 1876 साली नोंदलेला ब्रिटनमधला पहिला ट्रेडमार्क. पहिल्या घोटाआधी नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा गंधकाचा पुसट वास येतो. जाणकार त्याचीच वाट पाहतात. वाईट एका गोष्टीचं वाटलं. ओकची पिंपं नळ्यांनी एकमेकांना जोडून त्यांत बिअर आंबवण्याची ‘बर्टन युनियन’ पद्धत इथल्या मार्स्टन्स ब्रुअरीने 2024 मध्ये बंद केली. आंबताना वर येणारा यीस्टचा फेस हंसाच्या मानेसारख्या नळीतून वरच्या पन्हळीत जायचा, बिअर परत खाली यायची. त्यातला एक संच डर्बीशरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेला आणि पुन्हा चालू केला, हे त्यांचे उपकारच.

मग ब्लॅक कंट्री, म्हणजे बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा जुना कोळसा-लोखंडाचा पट्टा. वुल्व्हरहॅम्प्टनहून डडलीकडे जाणाऱ्या बसने सेज्लीला उतरायचं आणि बीकन हॉटेल गाठायचं. हॉटेल म्हणजे पबच, आणि त्याच्या मागे व्हिक्टोरियन काळातली उंच, मनोऱ्यासारखी ब्रुअरी. सारा ह्यूज यांनी 1921 मध्ये हे ठिकाण घेतलं. 1957 नंतर ब्रुअरी बंद पडली, ती त्यांच्या नातवाने 1987 मध्ये पुन्हा सुरू केली. इथली डार्क रुबी माइल्ड 6 टक्के अल्कोहोलची आहे. उजेडात धरली की गडद माणकासारखी लाल दिसते. मनुका, काळा गूळ, भाजलेल्या धान्याचा शेवट.

माइल्ड म्हणजे हलकी, पाणीदार बिअर असं बहुतेकांना वाटतं. पण एकोणिसाव्या शतकात माइल्ड म्हणजे न मुरवता ताजी विकलेली एल, आणि ती चांगली जोरकस असे. पहिल्या महायुद्धातले कर आणि धान्यावरचे निर्बंध यांनी तिला 3 ते 4 टक्क्यांवर आणलं. सेज्लीत त्या जुन्या ताकदीचा अंदाज येतो.

इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवायला 1963 पासून परवाना लागत नाही (महाराष्ट्रात मात्र तशी मोकळीक नाही). घरी पेल एल आणि माइल्ड दोन्ही बनवताना मी पाया एकच ठेवतो, मॅरिस ऑटर या बार्लीच्या वाणाचं माल्ट. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व काढतो, तसंच इथे बार्लीचं. 23 लिटर पेल एलला साधारण साडेचार किलो, 66 अंशांवर तासभर मॅश (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढणं), पाण्यात जिप्सम, आणि गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स हात आखडता न घेता. रोजच्या माइल्डला तीन किलो माल्ट, पाव किलो क्रिस्टल माल्ट (गोडसर चवीचं), शंभर ग्रॅम चॉकलेट माल्ट (गडद भाजलेलं; यात चॉकलेट नसतं); मॅश 68 अंशांवर, म्हणजे न आंबणारी साखर जास्त राहते आणि पातळ बिअरलाही अंग येतं. हॉप्स बेताने. जिप्समऐवजी कॅल्शियम क्लोराइड, कारण इथे कडूपणाची धार नको, माल्टची गोलाई हवी. यीस्ट दोन्हीला इंग्लिश एलचंच, 19 अंशांच्या आसपास.

पेल एल थोडी थांबली तर सुधारते. माइल्ड मात्र तयार होताच काढावी, थंडगार न करता तळघराच्या गारव्यावर ओतावी आणि मोठ्या ग्लासात प्यावी. सेज्लीला जाणाऱ्याने मात्र तिथल्या माइल्डचा छोटा ग्लासच मागावा. 6 टक्के आहेत, आणि परतीची बस पकडायची असते.