गुरुवारची सुट्टी

परवा फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरला. 2011 च्या भूकंपानंतर जपानी लोकांनी आपणहून लाईट बंद केले, एसी बंद केले, काय ती शिस्त, आणि खाली नेहमीचं, आपल्या लोकांना हे कधीच जमणार नाही. मी तेव्हा इथेच जपानमधे होते, तोक्योशेजारच्या सायतामामधे कावागुचीला, मुलगी साडेतीन वर्षांची होती, आणि त्याआधीची सगळी वर्षं मी महाराष्ट्रात लोडशेडिंगमधे काढलेली. दोन्ही बघितलंय त्यामुळे तो मेसेज आला की गप्प बसवत नाही, यावेळी ग्रुपवर दोन ओळी टाकून वाद घालण्यापेक्षा इथे नीट लिहिते.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. बाबा भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत टर्नर होते आणि त्यांची सुट्टी गुरुवारी असायची. आमची शाळेची रविवारी. म्हणजे बाबा घरी तेव्हा आम्ही शाळेत आणि आम्ही घरी तेव्हा बाबा डबा घेऊन कामावर. अख्ख्या लहानपणात पूर्ण दिवस सगळे एकत्र घरी असे फक्त दिवाळी, गणपती आणि गावची जत्रा. मला बरीच वर्षं वाटायचं की गुरुवार दत्ताचा वार म्हणून कारखाने बंद ठेवतात, कारण बाबा त्यादिवशी उपास करायचे आणि देवळात जायचे. मोठी झाल्यावर कळलं की त्याचं कारण वीज होती. सगळ्या महाराष्ट्रातले कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर त्या दिवशी वीज पडून राहणार आणि बाकीचे सहा दिवस ताण येणार, म्हणून सुट्ट्या वाटून दिलेल्या, पिंपरी-चिंचवड भोसरीकडे गुरुवार, डोंबिवलीकडे शुक्रवार, असं. स्टॅगरिंग म्हणतात त्याला. हे सरकारने वीज वापरावर घातलेलं बंधनच की, आणि हजारो घरांनी ते वर्षानुवर्षं पाळलं, त्यासाठी बापाचा रविवार सोडला. याला कुणी शिस्त म्हणून मेसेज पाठवत नाही.

आजोळ माझं पाटण तालुक्यातलं. कोयना धरण तिथून फार लांब नाही. 1960 मेगावॉटचा प्रकल्प, धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीला सोडून वीज करतात, शाळेत नकाशात दाखवायचे तेव्हा छाती भरून यायची. आणि मे महिन्यात मामाकडे गेलो की संध्याकाळी कंदिलाच्या काचा पुसायचं काम आम्हा पोरांकडे. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ना, तिथे विजेचंही तेच. 2005 नंतरची ती वर्षं तर विचारू नका, दिवसाचे बारा बारा तास लाईट नसायची, आणि शेतीचा थ्री फेज मिळायचा तो पण रात्री, म्हणजे मामा रात्री एक वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणार, आणि मामी तो परत येईपर्यंत जागी, कारण शेतात अंधारात पायाखाली काय येईल सांगता येत नाही. त्याच काळात मुंबई लोडशेडिंगमधून बाहेर होती. पुण्यालाही 2006 मधे सोडवलं, तिथल्या मोठ्या कंपन्यांनी आपापले डिझेल जनरेटर चालवायचे आणि त्याचा जादा खर्च शहराच्या बिलात थोडा थोडा घालायचा असं ठरलं होतं. ती योजना चांगलीच होती, मी पुण्यात राहून तिचा फायदा घेतलाय. पण मामाच्या बिलात काय घातलं असतं तर त्याची रात्र वाचली असती हे त्याला कोणी विचारलंच नाही.

आता जपान. 11 मार्च 2011, शुक्रवार, दुपारचे 2 वाजून 46 मिनिटं. भूकंपाबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे आणि अजूनही त्यावर लिहिताना हात थांबतो. मुलगी होइकुएनमधे म्हणजे पाळणाघरात होती आणि मी तोक्योतल्या ऑफिसमधून चालत चालत रात्री तिच्यापर्यंत पोचले एवढंच.

रविवारी रात्री टीव्हीवर जाहीर झालं की उद्यापासून केइकाकु तेइदेन. योजना करून केलेली वीज बंद. शब्द ऐकला आणि मी नवऱ्याकडे बघितलं, म्हटलं अरे हे तर आपलं लोडशेडिंग. फुकुशिमाची अणुभट्टी गेली, समुद्राकाठची औष्णिक केंद्रंही बंद पडली, म्हणून टेप्कोच्या, म्हणजे तोक्योकडच्या वीज कंपनीच्या, सगळ्या भागाचे पाच ग्रुप पाडले, एकेका ग्रुपला साधारण तीन तास. एकाच शहराची नावं दोन तीन ग्रुपमधे, लोक गोंधळलेले, सोमवारी सकाळी अर्ध्या ट्रेन बंद. जपानमधे पण पहिल्या दिवशी गोंधळच होता, हे मेसेजमधे कधी नसतं.

मला मात्र सगळं येत होतं. टॉर्च कुठे ठेवायचा, पंप बंद पडायच्या आधी बादल्या भरायच्या, भात आधी लावून घ्यायचा, फ्रीज उघडायचा नाही, मोबाईल चार्ज. खालच्या मजल्यावर एक ओबाआसान म्हणजे आजी एकट्या राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, त्यांना मी वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तर त्या म्हणाल्या की लहानपणी युद्धात दिव्यावर काळं कापड टाकायचो त्यानंतर असा अंधार आत्ताच बघतेय. आमच्याकडची लाईट ठरल्या वेळेला गेली आणि ठरल्या वेळेच्या जरा आधीच आली. चौकातले सिग्नलसुद्धा बंद, पोलीस हातात लाल दांडा घेऊन गाड्या सोडत होते. मुलगी घाबरली नाही, मी तिला मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हाताचं हरीण करून दाखवलं, जे मामाने मला दाखवलं होतं.

पण त्याच रात्री एक गोष्ट दिसली. कावागुची आराकावा नदीच्या काठावर आहे, पलीकडे तोक्यो सुरू होतं. आमच्याकडे काळोख आणि नदीपलीकडे सगळं चालू. तोक्योच्या 23 वॉर्डांपैकी फक्त आदाची आणि आराकावाच्या काही भागात वीज गेली, बाकीचे वगळलेले. सरकारी कचेऱ्या, मोठी ऑफिसं, रेल्वे, कारणं होती आणि ती खोटी नव्हती. तरी मी गॅलरीत उभी राहून बघत होते आणि मला मामाचं अंगण आठवत होतं. आणि नंतर कळलं ते जास्त लागलं, की फुकुशिमा जिल्हा टेप्कोच्या भागात येतच नाही, तिथे तोहोकु नावाची दुसरी वीज कंपनी आहे. म्हणजे त्या अणुभट्टीची वीज तिथल्या लोकांसाठी नव्हतीच, ती सगळी तोक्योच्या बाजूला यायची. घरदार सोडून जावं लागलं ते त्यांना. कोयनेत गावं बुडाली ती पण अशीच, दिवे भलतीकडे लागले.

मग म्हटलं पश्चिम जपानमधे तर भूकंप नव्हता, ओसाका नागोया सगळं सुरळीत, तिकडून वीज का नाही आणत. नवरा इंजिनिअर, त्याने सांगितलं की अर्धा देश 50 हर्ट्झवर आणि अर्धा 60 वर चालतो. 1890 च्या दशकात तोक्योने जर्मनीकडून जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकेकडून, तेव्हापासून ती रेघ तशीच राहिली आणि दोन्हीकडची वीज बदलून घ्यायची सोय तेव्हा जेमतेम 1000 मेगावॉटची. तोक्योच्या भागाची उन्हाळ्यातली मागणी आदल्या वर्षी 60,000 मेगावॉटच्या आसपास गेलेली. म्हणजे काहीच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खरेदीमुळे शेजारच्याला मदत करता येत नाही, मला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं.

मार्चअखेर ते लोडशेडिंग थांबलं. पण उन्हाळा यायचा होता, आणि खरी सरकारी बंदी तेव्हा आली. 1 जुलैपासून तोक्यो आणि तोहोकु या दोन्ही भागात, ज्यांचं कनेक्शन 500 किलोवॉट किंवा जास्तीचं आहे अशा सगळ्यांनी सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 ते रात्री 8 आदल्या वर्षापेक्षा 15 टक्के वीज कमी वापरायची. विनंती नाही, कायदा. मुद्दाम मोडला तर 10 लाख येनपर्यंत दंड. हॉस्पिटलांना वगैरे सवलत होती. असा हुकूम याआधी 1974 मधे तेलाच्या टंचाईत निघाला होता, त्यानंतर थेट 2011 मधे. घरांना पण 15 टक्क्यांचंच सांगितलं पण दंड नाही. तर आपणहून केलं हे घरांपुरतं खरं, कारखान्यांना आणि मोठ्या इमारतींना कायद्याने करायला लावलेलं आहे. हे मी ग्रुपवर तीनदा सांगितलंय.

आणि मग नवऱ्याच्या कंपनीत नोटीस लागली. तो गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. जपानच्या अख्ख्या वाहन उद्योगाने ठरवलं की जुलै ते सप्टेंबर शनिवार रविवार काम करायचं आणि सुट्टी घ्यायची गुरुवारी आणि शुक्रवारी. गुरुवारी! मी ते वाचून बाबांना फोन लावला. म्हटलं बाबा, याला गुरुवारची सुट्टी झाली. बाबा आधी काही बोललेच नाहीत, मग म्हणाले वीज कमी पडली असेल. पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही त्यांना. मग विचारलं, पोरीचं कसं करणार शनिवार रविवारी?

बरोबर तेच विचारलं त्यांनी. कारण माझं ऑफिस सोमवार ते शुक्रवार, नवऱ्याचं शनिवार ते बुधवार, मुलीचं पाळणाघर रविवारी बंद. किती घरांची ही अवस्था झाली होती, कितीतरी नगरपालिकांनी मग रविवारी पाळणाघरं उघडी ठेवायची सोय केली. आमच्या मुलीला त्या तीन महिन्यांत आईबाप एकत्र कधी मिळाले नाहीत आणि मला माझंच लहानपण परत दिसत होतं. आई फोनवर म्हणाली, तीनच महिने ना, तुझ्या बाबांची 31 वर्षं गेली.

त्या उन्हाळ्यात मला सगळ्यात काय आवडलं असेल तर देन्की योहो. पावसाचा अंदाज सांगतात तसा विजेचा अंदाज. टीव्हीवर, मोबाईलवर, स्टेशनवर, सगळीकडे, आज किती वीज हातात आहे आणि आत्ता त्यातली किती टक्के वापरली जातेय. 80 टक्के असेल तर लोक निवांत, 90 च्या पुढे गेलं की पाळणाघरातल्या बाईसुद्धा पंखा बारीक करायच्या. स्टेशनवरचे सरकते जिने बंद, डब्यातले दिवे दुपारी बंद, ऑफिसात एसी 28 वर आणि कोट टायची सक्ती गेली, पंखे दुकानात मिळेनात. खिडक्यांवर लोकांनी वेल चढवले, सावली पडावी म्हणून, आणि वेल कसला तर गोया, म्हणजे आपलं कारलंच! आमच्या गॅलरीतल्या वेलाला इतकी कारली लागली की मी ओबाआसानना गूळ घालून भाजी नेऊन दिली.

त्या ओबाआसानचीच काळजी मला जुलैभर होती. त्या एसी लावायच्याच नाहीत, सगळे काटकसर करतायत तर मी एकटी कशी लावू म्हणायच्या. त्या वर्षी जूनमधेच उष्माघाताने हॉस्पिटलात नेलेले लोक आदल्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त होते आणि त्यात म्हातारी माणसं भरपूर. मग टीव्हीवर रोज सांगायला लागले की वृद्धांनी एसी बंद ठेवू नका. मी दुपारी ऑफिसातून फोन करून विचारायचे, आजी, चालू आहे ना? शिस्तीचं कौतुक करताना हे पण मोजलं पाहिजे, की जो जास्त ऐकणारा तो जास्त सोसतो.

18 ऑगस्टला त्या उन्हाळ्यातली सगळ्यात जास्त मागणी झाली ती 49,220 मेगावॉट. म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा दहा हजार मेगावॉटने कमी, 15 टक्के सांगितले होते त्याहून जास्त वाचवले. उन्हाळ्यात लोडशेडिंग एकदाही झालं नाही आणि तोक्यो भागातली बंदी 22 सप्टेंबरपर्यंत होती ती 9 सप्टेंबरलाच उठवली.

आता आपले लोक. आपल्याकडे अक्षय प्रकाश योजना होती, कुणाला आठवते का? गावाने एकत्र बसून ठरवायचं की संध्याकाळी कुणी शेतीची मोटर टाकायची नाही, तारेवरचे आकडे काढायचे, आणि त्या बदल्यात गावाला संध्याकाळचा घरगुती लाईट मिळणार. मामाच्या शेजारच्या गावाने केलं ते. ग्रामसभा झाली, पोरांनी स्वतः फिरून आकडे काढले, ज्यांनी वर्षानुवर्षं आकडा टाकला होता त्यांनी सुद्धा काढू दिले, कारण संध्याकाळी पोरांना अभ्यासाला उजेड मिळत होता आणि तो शेजाऱ्यालाही तेवढाच मिळतोय हे दिसत होतं. त्या गावात कुणी जपानी नव्हतं. किती वीज आहे, का कमी आहे, मी सोडली तर ती जाते कुठे आणि शेजारी सोडतोय का, एवढं माणसाला कळलं तर तो सोडतो. बाबांनी सोडलं, त्या गावाने सोडलं, ओबाआसाननी तर गरजेपेक्षा जास्त सोडलं. नाही कळलं की मग तो आकडा टाकतो, इन्व्हर्टर घेतो, आणि मामासारखा ज्याच्याकडे काहीच नाही तो रात्री शेतात जातो.

2022 च्या मार्चमधे इथे परत ती वेळ आली. फुकुशिमाकडे पुन्हा भूकंप, काही केंद्रं बंद, त्यात थंडी आणि ढग, आणि 21 मार्चच्या रात्री सरकारने तोक्यो भागाला दुसऱ्या दिवसासाठी वीजटंचाईचा इशारा दिला, असा इशारा देण्याची ती पहिलीच वेळ. मुलगी तोवर चौदा वर्षांची, तीच मोबाईलवर टक्केवारी बघून घरभर दिवे बंद करत फिरत होती, हीटर बंद, आम्ही तिघं एका रजईत. आणि महिनाभरात, एप्रिलमधे, महाराष्ट्रात कोळसा कमी पडून बऱ्याच वर्षांनी लोडशेडिंग परत सुरू झालं. मामाला फोन केला. त्याला मी मार्चचं सांगितलं तर तो म्हणाला, तुमच्याकडं बी जाती व्हय लाईट? म्हटलं जायची वेळ आली होती, पण गेली नाही, आदल्या दिवशीच सांगितलं होतं सगळ्यांना.

सांगून, असं म्हणून तो जरा थांबला. मग म्हणाला, ठेवतो गं, थ्री फेज आला वाटतं, मोटर टाकून येतो.